नोकरी सांभाळून ‘कॅट’

सुरतेच्या उधना स्टेशनाबाहेर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले की दोन लोंढे एकमेकांना ओलांडून जाताना दिसतात. एक रातपाळी आटोपून खोलीकडे परतणाऱ्यांचा, दुसरा दिवसपाळीला निघालेल्यांचा. कानांवर उडिया, तेलुगू, हिंदी आणि गुजराती पडते, आणि त्यातच जळगाव-धुळ्याकडची अहिराणीही. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे इतकी आहेत, की आपण परमुलखात आहोत हे काही वेळ विसरायला होते.

या गर्दीत मी चार वर्षांहून अधिक काळ आहे. आपल्या महाविद्यालयातून बी. कॉम. झाल्यावर एका डाइंग-प्रिंटिंग मिलच्या हिशेब खात्यात लागलो. वार्षिकांकासाठी ‘नोकरी करीत असताना कॅटची तयारी’ या विषयावर लिहावे असे संपादकांनी कळविले, तेव्हा मी जरा संकोचलो. या परीक्षेला मी दोनदा बसलो, आणि दोन्ही वेळा मला हवी असलेली संस्था मिळाली नाही. माझ्याच खोलीत राहणारा सोबती मात्र पार झाला. मग मी काय सांगावे? पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपल्याकडे म्हणतातच. ठेच कोठे लागली हे तर मी नक्कीच सांगू शकतो.

परीक्षा आहे तरी कशी?

‘कॅट’ म्हणजे कॉमन ॲडमिशन टेस्ट. भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आय. आय. एम., ही परीक्षा घेतात. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील पहिल्या दोन संस्था १९६१ साली निघाल्या. अहमदाबादच्या संस्थेमागे विक्रम साराभाईंची दृष्टी होती आणि हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचे सहकार्य होते. बंगलोरची संस्था १९७३ मधली, लखनौची १९८४ मधली. महाराष्ट्रात नागपूरची संस्था २०१५ मध्ये सुरू झाली, आणि १९६३ पासून पवईला असलेली ‘नीटी’ ही संस्था २०२३ मध्ये आय. आय. एम. मुंबई झाली. या संस्थांखेरीज इतर अनेक महाविद्यालयेही कॅटचे गुण ग्राह्य धरतात.

पूर्वी ही परीक्षा कागदावर होई, २००९ पासून ती संगणकावर होते. अलीकडच्या वर्षांत ती नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, एकाच दिवशी तीन सत्रांत घेतली गेली आहे. सत्र आपल्याला निवडता येत नाही. वेळ दोन तास. पहिली ४० मिनिटे इंग्रजी वाचन व भाषा, दुसरी ४० मिनिटे माहितीचे विश्लेषण व तर्क, तिसरी ४० मिनिटे गणित. एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. २०२३ मध्ये ६६ प्रश्न होते, २०२४ मध्ये ६८. बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टंकलिखित करावे लागते. तेथे चुकले तरी गुण जात नाही.

पात्रता सोपी आहे. कोणत्याही शाखेची पदवी आणि तीत किमान ५० टक्के गुण. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. अर्ज साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात भरावे लागतात. ही तारीख कामाच्या गडबडीत हुकणारे मी पाहिले आहेत, म्हणून ती आधी कॅलेंडरवर लिहावी.

टक्के नव्हेत, पर्सेंटाइल

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज या शब्दाचा आहे. ‘९९ पर्सेंटाइल हवेत’ असे ऐकले की मुलांना वाटते, शंभरात ९९ गुण हवेत. तसे नाही. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जण तुमच्या मागे आहेत, तो आकडा. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेला बसले. त्यांत ९९ पर्सेंटाइल म्हणजे पहिल्या सुमारे २,९०० जणांत असणे. त्यासाठी लागणारे गुण अलीकडे एकूण गुणांच्या निम्म्याहूनही कमी असतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की सगळे प्रश्न सोडविण्याची ही परीक्षा नव्हे. कोणते प्रश्न सोडावयाचे हे ठरविण्याची परीक्षा आहे. दुसरी ही, की नोकरी करणाऱ्याने सर्व अभ्यासक्रम काठोकाठ संपविण्याचा हट्ट धरू नये. निम्मे पक्के असेल तर ते अर्धवट सगळ्यापेक्षा मोलाचे. कापडाच्या या गावात राहून मला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीचा अर्थ पहिल्या वर्षी नीट कळला.

अंदाजाने उत्तर द्यावे का, असे बरेच जण विचारतात. हिशेब करून पाहा. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर चारदा एकदा ३ गुण मिळतील आणि तीनदा एकेक गुण जाईल. बेरीज शून्य. म्हणजे निव्वळ अंदाजाने सरासरीने काहीच मिळत नाही, वेळ मात्र जातो. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे असे कळले, तर उरलेल्या तिनांत तीनदा एकदा ३ मिळतील आणि दोनदा एकेक जाईल. पदरात एक गुण उरतो. म्हणून एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला तरच उत्तर द्यावे.

आठवड्याचे १६८ तास

पहिल्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, मी मोठ्या उत्साहाने वेळापत्रक केले. रोज चार तास अभ्यास! त्यासाठी झोप पाच तासांवर आणली. सहा आठवडे कसेबसे गेले. मग एके दिवशी एका पार्टीची जमा मी दुसऱ्याच पार्टीच्या खात्यात टाकली. दोष सर्वस्वी माझा होता. बोलणी खाल्ली, ती चूक निस्तरण्यात तीन रात्री गेल्या, आणि वेळापत्रक जे मोडले ते मोडलेच.

दुसऱ्या वर्षी आधी हिशेब केला. आठवड्याचे तास १६८. कचेरी साडेनऊ ते साडेसात, जाणे-येणे दीड तास, असे रोज साडेअकरा तास. सहा दिवसांचे ६९. झोप सात तासांप्रमाणे ४९. स्वयंपाक, धुणे, आंघोळ, बाजार यांना रोज तीन तास, म्हणजे २१. बेरीज १३९. उरले २९. पण हे २९ तास कागदावरचे. त्यांतून पाहुणे येतात, ताप येतो, महिनाअखेर येते. म्हणून निम्मेच धरले. रोज सकाळी दीड तास, असे सहा दिवसांचे ९, आणि रविवारी ६. एकूण १५. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत साधारण २४ आठवडे, म्हणजे ३६० तास. मोठ्या शहरातील पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्या मुलापुढे हे थोडे दिसेल, पण ते खरे तास आहेत. थेंबे थेंबे तळे साचते ते थेंब पडले तरच.

सकाळच का, असे कोणी विचारील. कारण संध्याकाळ मालकाची असते. सहा वाजता ‘आजच हे बिल काढून जा’ असे सांगितले जाते, तेव्हा नाही म्हणता येत नाही. सकाळी साडेपाच ते सात या वेळेवर मात्र कोणाचाही हक्क नसतो.

तीन विभाग, तीन स्वभाव

गणिताची धास्ती वाणिज्य व कला शाखेच्या मुलांना फार असते. वस्तुतः बहुतेक प्रश्न दहावीपर्यंतच्या अंकगणित-बीजगणितातले असतात, फक्त वळण देऊन विचारलेले. आपल्या कामातच ते रोज भेटतात. एक उदाहरण घ्या. कोरे कापड रंगविताना ८ टक्के आटते. २,३०० मीटर तयार माल हवा आहे, तर कोरे कापड किती घ्यावे? पुष्कळ जण २,३०० चे ८ टक्के, म्हणजे १८४ मीटर, मिळवून २,४८४ सांगतात. ते चूक आहे. आटणे हे कोऱ्या कापडावर मोजायचे. शंभर मीटरांचे ९२ होतात, म्हणून २,३०० भागिले ०.९२, म्हणजे बरोबर २,५०० मीटर. सोळा मीटरांची ही चूक मिलमध्ये पैशांत जाते आणि परीक्षेत गुणांत.

तसेच सुटीचे. १० टक्के आणि त्यावर ५ टक्के सूट म्हणजे १५ नव्हे, साडेचौदा टक्के. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर सरासरी ५० नव्हे, ४८. कारण कमी वेगाने जाताना वेळ जास्त लागतो. टक्केवारी कशाची, सरासरी कशावर, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागली की गणिताचा बराच भाग हाती येतो.

दुसरा विभाग माहिती व तर्काचा. यात चार-पाच कोडी असतात आणि प्रत्येकावर चार-पाच प्रश्न. पहिल्या वर्षी मी एकाच कोड्याला २२ मिनिटे धरून बसलो. ते सुटेना आणि सोडवेना. दुसऱ्या वर्षी नियम केला : पहिली पाच मिनिटे फक्त सर्व कोडी वाचावयाची, मग सोपी दिसतील ती दोन-तीनच घ्यावयाची. आठ मिनिटांत वाट दिसली नाही तर कोडे सोडून द्यावयाचे. हे लिहायला सोपे आहे. चिकाटी हा गुण म्हणून लहानपणापासून शिकलेल्या मुलाला सोडून देणे शिकायला महिने लागतात.

तिसरा, आणि आपल्यासारख्यांना खरा कठीण, तो इंग्रजीचा. २०२३ मध्ये या विभागात २४ प्रश्न होते, त्यांतले १६ उताऱ्यांवरचे. उतारे तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, पर्यावरण अशा कशावरही असतात. मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलाला शब्द अडतात असे वाटते. माझा अनुभव निराळा आहे. शब्द अडत नाहीत, लांब युक्तिवाद अडतो. लेखक स्वतःचे मत मांडतो आहे की दुसऱ्याचे मत सांगून खोडतो आहे, हे पाचव्या ओळीला निसटते. यावर शब्दकोश पाठ करणे हा उपाय नव्हे.

माझा सोबती अमळनेरकडचा. वडील यंत्रमागावर कामाला, याचे प्राथमिक शिक्षण सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत, नोकरी एका हिरे कारखान्याच्या कचेरीत. त्याने एकच गोष्ट दीड वर्ष नेमाने केली. घोडदोड रोडवरच्या नर्मद ग्रंथालयात दर रविवारी जाऊन इंग्रजी वृत्तपत्रांतले व मासिकांतले तीन लेख वाचावयाचे, आणि प्रत्येकाचा सारांश मराठीत चार ओळींत लिहावयाचा. ‘भाऊ, मराठीत सांगता आलं म्हणजे समजलं,’ असे तो म्हणे. मी त्याला हसत असे. तो ९८ पर्सेंटाइलच्या वर गेला, तेव्हा माझे हसणे थांबले.

सुरतेचे पंचांग

प्रत्येक गावाच्या कामाला ऋतू असतो, आणि तयारी त्याप्रमाणे बेतावी लागते. सुरतेत श्रावणापासून दिवाळीपर्यंत कापडबाजाराला उसंत नसते. साड्यांच्या गाड्या रात्री भरल्या जातात आणि हिशेब खात्याला रविवारही मिळत नाही. मग दिवाळीला सारे एकदम थांबते. हिरे कारखाने, माग, मिली बंद होतात, कारागीर गावी जातात, आणि बाजार लाभपंचमीनंतर हळूहळू उघडतो. २०२३ मध्ये दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि कॅट २६ नोव्हेंबरला. म्हणजे वर्षातली एकमेव सलग सुटी परीक्षेच्या तोंडावर आली.

तेव्हा नवे शिकावयाचे ते श्रावणाआधी, म्हणजे जून-जुलैत. गर्दीच्या तीन महिन्यांत फक्त रोजचा दीड तास टिकवावयाचा आणि पंधरवड्यातून एक सराव परीक्षा द्यावयाची. दिवाळीच्या सुटीत एक दिवसाआड पूर्ण दोन तासांची सराव परीक्षा, आणि मधल्या दिवशी तिची चिकित्सा. चूक न समजल्यामुळे झाली, घाईने झाली, की सोडून द्यावयाचा प्रश्न धरल्यामुळे झाली, असे तीन रकाने वहीत पाडावेत. माझ्या वहीत तिसरा रकाना सर्वांत लांब होता.

याची किंमतही सांगितली पाहिजे. २०२३ च्या दिवाळीला मी घरी आलो नाही. आईने फराळाचा डबा गावच्या एका माणसाबरोबर पाठविला. रिकाम्या इमारतीत खाली एक पणती लावून मी सराव परीक्षेला बसलो, आणि त्या दिवशीचे गुण वर्षातले सर्वांत कमी होते. घरच्यांना आधी विश्वासात घ्यावे, नाहीतर मन अर्धे तिकडेच राहते.

वरिष्ठांना सांगावे का, हाही प्रश्न असतो. सर्वांना सांगू नये. पण परीक्षेच्या दिवसाची रजा ज्यांच्या हाती आहे, त्या एका माणसाला महिनाभर आधी सांगावे. परीक्षा रविवारी असली तरी आमच्याकडे रविवार हक्काचा नव्हता.

राजीनामा आणि हिशेब

आता सर्वांत नाजूक प्रश्न. तयारीसाठी नोकरी सोडावी का? ज्या ग्रंथालयाचा उल्लेख वर आला, ते ज्यांच्या नावाचे, ते कवी नर्मद सुरतेचेच. त्यांनी १८५८ मध्ये मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडली आणि केवळ लेखणीच्या आश्रयाने जगण्याचा निश्चय केला. तो निश्चय त्यांनी सुमारे चोवीस वर्षे पाळला. पण कर्ज आणि ओढगस्त यांपुढे अखेर १८८२ मध्ये त्यांना पुन्हा नोकरी धरावी लागली, आणि ते दुःख त्यांना फार लागले. गुजराती भाषेला त्यांनी जे दिले ते नोकरीत राहून दिले असते का, हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून राजीनामा देणारा मूर्ख आणि न देणारा शहाणा, असे मी म्हणणार नाही. मात्र एवढे म्हणेन, की एका परीक्षेच्या सहा महिन्यांसाठी राजीनामा देऊ नये. संस्था मुलाखतीत कामाचा अनुभव विचारात घेतात, आणि मधल्या रिकाम्या काळाविषयी प्रश्नही विचारतात.

राजीनाम्याची खरी वेळ प्रवेश मिळाल्यावर येते. अहमदाबादच्या संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या वर आहे. तेथे गरजूंना शिष्यवृत्त्या आहेत, आणि नामवंत संस्थांसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली पी. एम. विद्यालक्ष्मी योजनाही याच हेतूची आहे.

मला २०२२ मध्ये ७१ पर्सेंटाइल होते, २०२३ मध्ये ९३. त्यावर एका खाजगी संस्थेत प्रवेश मिळत होता. शुल्क पंधरा लाख. माझा पगार चोवीस हजार, म्हणजे दोन वर्षांत बुडणारे उत्पन्न ५ लाख ७६ हजार. पंधरा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता जवळजवळ वीस हजार. शिक्षण चालू असताना हप्ता नसला, तरी व्याज साचतच असते. वडील निवृत्त झालेले, धाकटी बहीण नर्सिंगला. त्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना कसल्या नोकऱ्या मिळतात, हे मी तेथल्या दोन माजी विद्यार्थ्यांना विचारले. उत्तर ऐकून हिशेब बसेना. मी नाही म्हटले. सोबत्यापुढे नव्या आय. आय. एम. पैकी एक होती. त्याने तोच हिशेब मांडला, त्याचा बसला, आणि त्याने कर्ज काढले. त्याला गाडीत बसवून परतताना खोली फार मोठी वाटली, हे लपवीत नाही.

इतर वाटा

कॅट हीच एक वाट नव्हे. महाराष्ट्राच्या एम. बी. ए. सी. ई. टी. मध्ये २०० प्रश्न, १५० मिनिटे, आणि चुकीला गुण वजा होत नाहीत. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्थापन केलेली जमनालाल बजाज संस्था याच परीक्षेतून प्रवेश देते. सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी मातृभाषिक उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत वेगळी तरतूद आहे. ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊकच नसते. कर्नाटकात पी. जी. सी. ई. टी. आणि के-मॅट आहेत. नोकरी चालू ठेवून शिकावयाचे असेल तर अर्धवेळ व शनिवार-रविवारचे अभ्यासक्रमही आहेत. बंगलोरच्या आय. आय. एम. मध्ये तसा एक चालतो.

मग माझे ते ३६० तास वाया गेले का? मिलमध्ये आता कापडाच्या आटण्याचा तक्ता मी करतो. पार्टीला सूट द्यावी की मुदत, हे मालक मला विचारतात. इंग्रजी पत्र वाचून त्याचा मतलब मराठीत सांगणे मला जमते. सोबत्याची ती सवय मी उचलली. या वर्षी सी. ई. टी. ला बसावयाचे ठरविले आहे, कारण तेथला हिशेब माझ्या घराला बसतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण पदवीनंतर लगेच कोठेतरी कामाला लागतील. घरची गरज असेल तर त्यात कमीपणा नाही. फक्त पहिला पगार झाल्यावर एक कागद घ्या, त्यावर आठवड्याचे १६८ तास मांडा, आणि त्यांतले स्वतःचे किती ते शोधा. पंधरा सापडले तरी पुरेत. ते मात्र कोणाला उसने देऊ नका.